एकाची एकच नोंद
(प्रस्तावना)

सार्वजनिक ग्रंथालयात नवे पुस्तक आले की कपाटात जाण्याआधी ते दाखल नोंदवहीत जाते. प्रत्येक प्रतीला एक दाखल क्रमांक मिळतो. प्रत हरवली, फाटली, रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या प्रतीला देत नाहीत. एकाच कादंबरीच्या पाच प्रती घेतल्या तर पाच दाखल क्रमांक पडतात, कारण ही वही प्रती मोजते. तालिकेत मात्र ती कादंबरी एकदाच येते, कारण तालिका ग्रंथ मोजते. कोणत्या वहीत ‘एक’ म्हणजे काय, हे ग्रंथपालाला पक्के ठाऊक असते. संगणकावर टेबल मांडताना नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तिथूनच दुबार नोंदींना वाट मिळते. टेबलात नवी नोंद जाताना ही वाट कशी बंद करायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी नुकसान काय होते ते नीट पाहू. ग्रंथालयाच्या सभासदांचे टेबल घ्या. एका बाईंनी काही वर्षांपूर्वी नाव नोंदवले, अनामत भरली. मध्यंतरी वर्गणी थांबली. त्या परत आल्या तेव्हा खिडकीवर नवा कर्मचारी होता. आडनाव माहेरचे की सासरचे या घोळात त्याला जुनी नोंद सापडली नाही, म्हणून त्याने नवी केली. आता अनामत जुन्या ओळीवर आहे आणि घरी नेलेली पुस्तके नव्या ओळीवर. थकबाकीची यादी काढली की जुन्या ओळीवरची वर्गणी बाईंच्या नावे निघते. सभासदत्व सोडायला गेल्या तर नव्या ओळीवर अनामतच दिसत नाही. वार्षिक अहवालातली सभासदसंख्या एकाने फुगलेली असते. कोणी लबाडी केलेली नाही, बेरीज-वजाबाकीही चुकलेली नाही, तरी स्वतःचे पैसे परत मागताना बाईंनाच पुरावे गोळा करावे लागतात. दुबार नोंदीचा त्रास टेबल सांभाळणाऱ्याला सहसा जाणवत नाही. ज्याची नोंद आहे तो माणूस हेलपाटे घालतो. म्हणून हा विषय मला नीटनेटकेपणाचा वाटत नाही, जबाबदारीचा वाटतो.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर कायद्यात आलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ नुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत नोंदवता येत नाही आणि कलम १८ नुसार एकाच मतदारसंघाच्या यादीत ते एकाहून अधिक वेळा येऊ शकत नाही. दोन वेगळी कलमे करावी लागली, कारण दुबारपणाचे प्रकारही दोन आहेत: एकाच यादीतला आणि दोन याद्यांमधला. पॅनच्या बाबतीत १९६१ च्या आयकर कायद्याने दुसरे पॅन घेण्यास मनाई केली आणि नियम मोडणाऱ्याला १०,००० रुपये दंड ठेवला. तरीही ‘दुबार मतदार’ हे शब्द निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतातच. घर बदलले, नव्या पत्त्यावर नवा अर्ज भरला, जुन्या यादीतले नाव तसेच राहिले, एवढे त्याला पुरते. नवे नाव यादीत चढते त्या क्षणी जुने नाव समोर आले नाही, तर कायदा कितीही स्पष्ट असो, तो कागदावर राहतो.

आधारची रचना करताना हा क्षणच पकडला गेला. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. नाव, पत्ता, जन्मतारीख यांवर विसंबायचे नाही. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळे टिपायची, ती आधीच्या नोंदींशी ताडून पाहायची आणि जुळणारी नोंद सापडली नाही तरच बारा अंकी क्रमांक द्यायचा, अशी ती पद्धत आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतले जात नाहीत, त्यामुळे तिथे ही खात्री मिळत नाही. मुलाची नोंद पालकांच्या आधारशी जोडली जाते आणि ठसे पुढे घेतले जातात. एवढी यंत्रणा एखाद्या शाळेला, दवाखान्याला, पतसंस्थेला परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. घेण्यासारखा आहे तो क्रम. आधी ताडायचे, मग नोंदवायचे, आणि या दोन्हींच्या मध्ये कोणाला शिरायला जागा ठेवायची नाही.

हे साधण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे लागतात. या टेबलात ‘एक’ म्हणजे काय? ते एकपण राखायचे कोणी? आणि आधीच असलेली नोंद पुन्हा आली तर करायचे काय? या पुस्तकातली सगळी प्रकरणे या तीन प्रश्नांभोवती फिरतात. माझे म्हणणे थोडक्यात असे: पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसांनी बसून ठरवायचे, दुसऱ्याचे काम टेबलावरच सोपवायचे आणि तिसऱ्याचे उत्तर आधी लिहून ठेवायचे. व्यवहारात बहुतेक ठिकाणी हे उलटे होते. ‘एक’ म्हणजे काय हे सॉफ्टवेअरवर सोडले जाते, राखण खिडकीवरच्या माणसाच्या स्मरणशक्तीवर, आणि गोंधळ झाला की वेळ मिळेल तेव्हा सफाई.

या विचाराची मुळे १९७० सालात आहेत. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात रिलेशनल मॉडेल मांडले. आज आपण वापरतो ते बहुतेक डेटाबेस त्या लेखाचे वारस आहेत. कॉड गणिताचे अभ्यासक होते आणि त्यांचे टेबल म्हणजे गणितातला संच होता. संचात एक घटक दोनदा असू शकत नाही, म्हणून त्यांच्या टेबलात दोन सारख्या ओळी संभवतच नव्हत्या. पुढे १९७४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. प्रत्येक उत्तरातून सारख्या ओळी गाळायच्या तर त्या क्रमाने लावून ताडाव्या लागतात, त्याला वेळ लागतो. म्हणून या भाषेने सारख्या ओळी चालवून घेतल्या आणि नको असतील तर ‘डिस्टिंक्ट’ म्हणून सांगण्याची सोय दिली. परिणाम आजही आपल्यासमोर आहे. एसक्यूएलमध्ये टेबल तयार केले आणि कोणतेही बंधन घातले नाही, तर तीच ओळ शंभर वेळा टाकता येते. एकपण मागून घ्यावे लागते.

इथे एक सर्रास होणारी गफलत सांगायला हवी. टेबल बनवताना पहिला रकाना ‘आयडी’ ठेवायचा, त्याला आपोआप वाढणारा क्रमांक द्यायचा आणि त्यालाच ओळीची मुख्य ओळख, म्हणजे प्रायमरी की म्हणायचे, ही सवय सर्वांच्या हातात बसलेली आहे. सवय चांगली आहे. ओळीचा न बदलणारा पत्ता म्हणून हा क्रमांक फार उपयोगी पडतो. पण तो दुबार नोंद थांबवत नाही. एकच सभासद दोनदा भरला तर एका ओळीला ४१२ मिळतो, दुसरीला ४१३, आणि डेटाबेसच्या दृष्टीने दोन्ही ओळी वेगळ्या ठरतात. हा क्रमांक ओळीची ओळख सांगतो. ती ओळ ज्याच्याबद्दल आहे त्याची ओळख वेगळी ठरवावी लागते आणि तिच्यावर स्वतंत्र बंधन घालावे लागते.

ती ओळख ठरवणे हेच खरे अवघड काम. नाव चालत नाही. एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील असतात. मोबाइल क्रमांक पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण घरातल्या चौघांचा मिळून एकच फोन असतो, आणि बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. म्हणून दोन-तीन रकाने मिळून ओळख ठरवतात. हजेरीच्या टेबलात विद्यार्थी आणि तारीख, निकालाच्या टेबलात विद्यार्थी, विषय आणि परीक्षा, फीच्या टेबलात पावती क्रमांक आणि आर्थिक वर्ष. अशी जोडी नेमकी बसली की टेबल निर्धास्त होते. पण ती जास्त घट्ट बसली तर काय होते, तेही पाहिले पाहिजे. प्रसूतिगृहात बाळाचे नाव ठरेपर्यंत ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव अशी नोंद करण्याची पद्धत आहे. लसीकरणाच्या टेबलात आईचे नाव आणि जन्मतारीख ही जोडी ओळख म्हणून धरली, तर जुळ्यांपैकी दुसऱ्या बाळाची नोंद ‘आधीच आहे’ म्हणून अडते. दोघांची आई एक, तारीख एक, गाव एक. तिथे जन्मक्रम हा आणखी एक रकाना लागतो, आणि तो लागेल हे संगणकाच्या पुस्तकात सापडत नाही. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला विचारले तर ती लगेच सांगते.

दुसरा प्रश्न राखणीचा. बहुतेक प्रोग्राम असे लिहिलेले असतात: आधी शोध घ्या, नोंद नसेल तर टाका. वाचायला हे बिनचूक वाटते. आता एका सभासदाने मोबाइलवर अर्ज भरला, ‘नोंदवा’ दाबले, नेटवर्क मंद होते म्हणून पुन्हा दाबले. दोन विनंत्या काही मिलिसेकंदांच्या फरकाने सर्व्हरवर पोचल्या. पहिलीने विचारले, ही नोंद आहे का? उत्तर आले, नाही. ती लिहायला वळते तोच दुसरीने विचारले, ही नोंद आहे का? पहिलीचे लिखाण अजून पक्के झालेले नाही, म्हणून दुसरीलाही उत्तर आले, नाही. दोघींनी नोंद टाकली. दोन्ही वेळा तपासणी झाली, दोन्ही उत्तरे त्या त्या क्षणी खरी होती, आणि टेबलात दोन ओळी पडल्या. सगळे काम ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर पूर्ण पक्के होणाऱ्या नाहीतर पूर्ण मागे घेतल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात, गुंडाळले की हा धोका टळतो, असा समज आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून अलग ठेवण्याची मूळ पातळी ‘रीड कमिटेड’ आहे. तिच्यात दुसऱ्याचे पक्के न झालेले काम दिसत नाही, म्हणून नुसत्या ट्रान्झॅक्शनने ही फट बुजत नाही. तपासणी आणि लिखाण यांच्यामध्ये थोडाही वेळ असेल, तर गर्दीच्या दिवशी त्या वेळात कोणीतरी शिरणारच.

म्हणून राखण टेबलाने स्वतः करायची. त्यासाठीचे बंधन म्हणजे ‘युनिक’. ज्या रकान्यांवर ते घातले, त्यांच्यासाठी डेटाबेस एक इंडेक्स, म्हणजे शोधासाठी लावलेली सूची, ठेवतो, बहुधा बी-ट्री पद्धतीचा. ही रचना बोइंगमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास दिली. तिची खुबी अशी की कोटभर ओळींच्या टेबलातही हवी ती किंमत आहे की नाही, हे तीन-चार पातळ्या उतरून कळते. नवी ओळ लिहिताना तिला याच इंडेक्समध्ये जागा शोधावी लागते, त्यामुळे तपासणी आणि लिखाण वेगळे राहत नाहीत. वरच्या दोन विनंत्या आता पुन्हा येऊ देत. पहिलीने जागा घेतली. दुसरीला डेटाबेस थांबवून धरतो. पहिलीचे काम पक्के झाले तर दुसरीला त्रुटी मिळते. तिचा क्रमांक पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २३५०५, मायएसक्यूएलमध्ये १०६२. पहिलीचे काम काही कारणाने मागे घेतले गेले, तर दुसरीला वाट मोकळी होते. हे बंधन वेबसाइटवरून, मोबाइलवरून, एक्सेलच्या फायलीतून, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमधून आलेल्या प्रत्येक ओळीला सारखेच लागू पडते. प्रोग्राममधली तपासणी तेवढ्या एका प्रोग्रामपुरती असते.

या बंधनाची एक पळवाट मात्र माहीत असावी. रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल दोन रिकाम्या किमतींना सारखे मानत नाहीत. ईमेलवर युनिक घातले आणि ईमेल न देणारे शंभर सभासद आले, तर शंभरही आत येतात. एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच रिकामी किंमत स्वीकारतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १५ व्या आवृत्तीपासून रिकाम्या किमती सारख्या धरायच्या की नाहीत हे आपल्याला सांगता येते. ओळख ज्या रकान्यांवर बेतलेली आहे ते रिकामे राहू द्यायचेच नाहीत, हा त्याहून सरळ उपाय.

तिसरा प्रश्न धडक झाल्यावरचा. डेटाबेसने ‘ही नोंद आहे’ म्हटल्यावर तीन गोष्टी करता येतात: नवी सोडून देणे, जुनी अद्ययावत करणे, किंवा माणसाला विचारणे. पहिल्या दोन्हींसाठी सोयी आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ आणि ‘डू अपडेट’ मिळते. मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ आहे. पण सोय आहे म्हणून ती डोळे झाकून वापरू नये. मायएसक्यूएलचे ‘इन्सर्ट इग्नोर’ दुबार नोंदीबरोबर इतर काही त्रुटींकडेही काणाडोळा करते. रकान्यात न मावणारा मजकूर कापून घेते आणि फक्त इशारा देते. ‘रिप्लेस’ तर जुनी ओळ पुसून नवी लिहिते. पुस्तकांच्या देवघेवीचे टेबल सभासदाच्या ओळीशी ‘कॅस्केड’ने, म्हणजे ती ओळ पुसली की जोडलेल्या ओळीही पुसल्या जातील असे, जोडलेले असेल, तर फोन क्रमांक बदलायला गेलेला माणूस त्या सभासदाची सगळी देवघेव पुसून बसतो. आणि वर सांगितलेल्या जुळ्यांच्या बाबतीत ‘डू नथिंग’ लिहिलेले असेल, तर दुसरे बाळ यादीत येतच नाही, कोणाला कळतही नाही. जिथे माणसांचा हक्क, पैसा किंवा औषध गुंतलेले आहे, तिथे नोंद गुपचूप टाकून देऊ नये, असा माझा आग्रह आहे. ती बाजूला ठेवावी आणि कोणाच्या तरी नजरेखालून जावी.

वर मोबाइलवरून आलेल्या दुहेरी विनंतीचा उल्लेख आला. पैसे भरण्याच्या व्यवहारात तिचे रूप अधिक बिकट होते. तोच माणूस तेवढीच रक्कम एका दिवसात खरोखर दोनदा भरू शकतो, त्यामुळे नाव, रक्कम आणि तारीख यांवर बंधन घालता येत नाही. तिथे अर्जाचे पान उघडतानाच एक अद्वितीय क्रमांक तयार करतात आणि बटण कितीदाही दाबले तरी तोच पाठवतात. सर्व्हर त्या क्रमांकावर युनिक बंधन ठेवतो. तो दुसऱ्यांदा आला की नवा व्यवहार न करता पहिल्याचेच उत्तर परत देतो. ही युक्ती साधी आहे आणि तिच्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक प्रकरण मुद्दाम घातले आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाही. बंधन अक्षरांवर चालते, आणि डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरे संगणकाला सारखी असतीलच असे नाही. ‘ॲड.’ मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे. त्याआधी तो ‘अ’ आणि चंद्र असा दोन चिन्हांनी लिहीत आणि काही कळफलक अजून तसाच उमटवतात. पडद्यावर दोन्ही एक दिसतात, युनिक बंधनाला दोन वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्यातल्या एकीत न दिसणारे जोडचिन्ह असते. फोन क्रमांक कोणी देवनागरी अंकांत टाइप करते, कोणी रोमन अंकांत, कोणी आधी शून्य लावते, कोणी ९१. नावात कुलकर्णी आणि कुळकर्णी, पाटील आणि पाटिल, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स ही उच्चारावरून नावे जुळवण्याची पद्धत इंग्रजी वर्णांवर बेतलेली आहे; आपल्या नावांना ती अपुरी पडते. उपाय असा की आलेला मजकूर आहे तसा एका रकान्यात ठेवायचा, त्याचे ठरलेल्या नियमांनी एकसारखे केलेले रूप दुसऱ्या रकान्यात ठेवायचे आणि बंधन त्या दुसऱ्यावर घालायचे. लेखनातले फरक नियमाने मिटवता येतात. कुलकर्णी आणि कुळकर्णी हा एकच माणूस आहे की दोन, हे मात्र नियमाने ठरवू नये. तिथे यंत्राने शंका दाखवावी आणि निर्णय माणसाने घ्यावा.

जुन्या टेबलांचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. ज्या टेबलात आधीच दुबार ओळी आहेत, त्यावर युनिक बंधन घालायला गेले की डेटाबेस नकार देतो. आधी त्या ओळी शोधाव्या लागतात, आणि ‘ग्रुप बाय’ व ‘हॅविंग’ वापरून शोधणे सोपे आहे. सांधणे अवघड आहे. सगळ्यांत लहान आयडीची ओळ ठेवा आणि बाकी पुसा, असा सल्ला सहज दिला जातो. सुरुवातीच्या उदाहरणातल्या बाईंची नवी ओळ अशी पुसली, तर घरी नेलेल्या पुस्तकांचा पत्ताच नाहीसा होईल. आधी दुसऱ्या टेबलांतले धागे राहणाऱ्या ओळीकडे वळवायचे, कोणती ओळ कोणत्या ओळीत मिसळली याची वेगळी नोंद ठेवायची, आणि मगच पुसायचे. हे झाले की त्याच दिवशी बंधन घालायचे. ते राहिले तर काही महिन्यांनी तीच सफाई पुन्हा करावी लागते.

हे पुस्तक प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी आहे, तितकेच ते शाळेच्या कार्यालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पतसंस्थेत, ग्रंथालयात रोज नोंदी करणाऱ्यांसाठीही आहे. पहिल्या भागात एसक्यूएलची एकही ओळ नाही. ‘एक’ म्हणजे काय हे ठरवायला ती लागत नाही. दुसऱ्या भागात बंधने, इंडेक्स आणि एकाच वेळी येणाऱ्या विनंत्या आहेत. तिसऱ्यात धडक झाल्यावरचे मार्ग, देवनागरी मजकूर आणि जुन्या टेबलांची दुरुस्ती आहे. प्रकरणे क्रमाने वाचावीत. दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तर आज्ञा कळतील, पण त्या कोणत्या रकान्यावर चालवायच्या हे कळणार नाही.

वाचकाकडून माझी एकच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी टेबल मांडाल तेव्हा संगणक उघडण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा: ‘या टेबलात एक ओळ म्हणजे…’ ते वाक्य घेऊन खिडकीवर बसणाऱ्याकडे जा, परिचारिकेकडे जा, लेखनिकाकडे जा आणि विचारा की असे कधी होते का, की एकाच्या दोन ओळी खऱ्या असतात, किंवा दोघांची ओळ सारखी दिसते. त्यांच्या उत्तरांनी वाक्य दुरुस्त होईल, बहुधा दोन-तीनदा. ते पक्के झाले की त्याचे युनिक बंधनात रूपांतर करा आणि धडक झाल्यावर काय करायचे ते त्याच कागदावर लिहा. एवढे केले तर लोकांना आपल्याच नोंदीसाठी हेलपाटे घालावे लागणार नाहीत, आणि आपण टेबल ठेवतो ते त्यांच्यासाठीच.